किल्ली खिशातच राहिली तर गाडी खोटी ठरते का?

पत्र : मी ५१ वर्षांची आहे. दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार घ्यायची हे तिशीत ठरवलं होतं, ते आता जमतंय. मन दोन गाड्यांवर आहे. एक जुनी : साधी किल्ली, हाताने फिरवायच्या काचा, पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. दुसरी अलीकडची : किल्ली पर्समध्येच ठेवून दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू, सीट गरम होतात, मोठा स्क्रीन आहे. गिअर मात्र दोन्हींत हातानेच टाकायचे. ज्याने मला गाडी चालवायला शिकवली तो माझा मोठा भाऊ म्हणतो, "कीलेस हवं असेल तर सरळ सेडान घे, स्पोर्ट्‌स कारच्या नावाला कशाला बट्टा लावतेस?" माझ्या मनगटाचं ऑपरेशन झालंय हे त्याला ठाऊक आहे, तरीही. दादाचं बरोबर आहे का? आणि कीलेस गाड्या लवकर चोरीला जातात, बॅटरी खातात, हे कितपत खरं?

उत्तर : पत्र वाचून झाल्यावर किल्लीपेक्षा तुमचं मनगटच जास्त डोक्यात राहिलं. दादांनी ते लक्षात घेतलं नाही म्हणता, पण तुम्ही तरी ते हिशेबात धरलंय का? पॉवर स्टिअरिंग नसलेली हलकी गाडी धावत असताना हाताला जे सांगते ते सुख वेगळंच, यात वाद नाही. १९९६ साली आलेली लोटस एलिस जेमतेम सव्वासातशे किलोंची होती. तिला पॉवर स्टिअरिंगची गरजच नव्हती आणि रस्त्याचा पोत तळहाताला कळायचा. पण अशीच गाडी अरुंद जागेत मागेपुढे करताना, चाकं जागच्या जागी वळवताना, सगळा भार मनगटांवर येतो. त्यामुळे जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा तिची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका, तिथे ती तुम्हाला जिंकून घेणारच. पार्किंगच्या जागेत घ्या. पंधरा मिनिटं उलटसुलट, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी, मनगट काय म्हणतंय ते पाहून. या दोन गाड्यांत तुमच्यासाठी मोठा फरक हा आहे. किल्ली त्याच्या पुष्कळ नंतर येते.

आता दादांचं म्हणणं. खऱ्या स्पोर्ट्‌स कारमध्ये सोयी नसतात हा समज जुन्या चाहत्यांत चांगला मुरलेला आहे, आणि त्याचं दैवत म्हणजे फेरारी एफ४०. १९८७ ची ही गाडी. रेडिओ नाही, खाली गालिचा नाही, दार आतून उघडायला हँडलऐवजी ओढायची तार, सुरुवातीच्या काही गाड्यांना तर सरकवायच्या प्लॅस्टिकच्या काचा. हे सगळं खरं. पण त्याच गाडीत एसी होता! इंजिन पाठीला लागून, आत उकाडा असा की घामाघूम झालेल्या माणसाला नीट चालवता येणार नाही. म्हणजे चालवण्याच्या उपयोगाचं नव्हतं ते गेलं आणि उपयोगाचं होतं ते राहिलं. गैरसोय हा काही त्या गाडीचा हेतू नव्हता.

याहून बोलकं उदाहरण मॅक्लारेन एफ१ चं. १९९२ साली ती जगासमोर आली. तिचे कर्ते गॉर्डन मरे वजनाच्या बाबतीत कमालीचे कंजूष, आणि गाडी भरली ११३८ किलो. तरी तिच्यात एसी होता, मुद्दाम हलकी बनवून घेतलेली सीडी प्लेअरची यंत्रणा होती, गाडीच्या पोकळ्यांत नेमक्या बसतील अशा बॅगा होत्या. इतकंच काय, बिघाड दुरूनच तपासता यावा म्हणून मोडेमही होता. नव्हतं काय? पॉवर स्टिअरिंग नव्हतं, ब्रेकला जोर पुरवणारा सर्व्हो नव्हता, ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस नव्हतं. माणसाला नीट बसवणाऱ्या गोष्टी मरे यांनी घेतल्या आणि माणसाचे हातपाय व रस्ता यांच्या मध्ये येणाऱ्या गोष्टी बाहेर ठेवल्या. १९९८ मध्ये याच गाडीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा एसीमुळे तिला बट्टा लागला असं कुणी म्हटल्याचं निदान माझ्या कानावर नाही. (एबीएस नसणं मात्र आज कुणी अभिमानाने मिरवू नये. एबीएस आणि घसरण सावरणारी यंत्रणा यांना मी सोय म्हणतच नाही. अलीकडची गाडी घेतलीत तर त्या चालू राहू द्या, दादा काहीही म्हणोत.)

मरे यांनी रोज चालवता येणाऱ्या सुपरकारचा नमुना म्हणून जिच्याकडे पाहिलं ती होंडाची एनएसएक्स, १९९० ची. तिचीच कडक आवृत्ती एनएसएक्स-आर १९९२ मध्ये आली. आवाज शोषणारे थर काढले, स्टिरिओ काढला, स्टेपनी काढली, विजेवर हलणाऱ्या चामडी सीट काढून हलक्या बकेट सीट बसवल्या, असं करत सुमारे १२० किलो खरवडले. विजेवर चालणाऱ्या काचा मात्र तशाच ठेवल्या. हा तपशील दादांना जरूर सांगा. गाडीचं वजन किलोकिलोने उतरवणाऱ्यांनाही काचेच्या मोटरीत पाप दिसलं नाही.

कीलेसचं म्हणाल तर ते सेडानमधून स्पोर्ट्‌स कारमध्ये घुसलेलं खूळ नव्हे. शेव्हर्लेच्या कॉर्व्हेटवर ही सोय १९९३ सालीच होती. रिमोट खिशात ठेवून जवळ गेलं की कुलूप उघडायचं. ज्या सेडानकडे दादा तुम्हाला पाठवताहेत त्यांतल्या बहुतेकींना हे पुष्कळ नंतर मिळालं. वजनाचा मुद्दाही इथे टिकत नाही. दारातल्या अँटेना, थोड्या वायरी आणि एक इलेक्ट्रॉनिक डबा, एवढाच पसारा. ५० लिटरची टाकी भरली की ३७ किलोंच्या आसपास पेट्रोल चढतं, त्यापुढे हे काय!

मी कुठल्याही सोयीला एकच प्रश्न विचारते : चाकं फिरायला लागल्यावर ही मध्ये मध्ये बोलते का? किल्ली पर्समध्ये होती की हातात, हे पहिला गिअर पडला की संपलं. गरम सीट गप्प बसते, उलट थंडीतही छप्पर उघडून फिरायला उद्युक्त करते, म्हणजे गाडी जास्त चालते. एसी इंजिनाची थोडी ताकद घेतो खरा, पण बटण दाबून गप्प करता येतो. या गोष्टींवर भांडण्यात अर्थ नाही.

भांडायचंच तर दुसरीकडे भांडायला हवं, आणि तिथे मी दादांच्या बाजूने आहे. निसानच्या ३७० झेडमध्ये खालचा गिअर टाकताना इंजिनाचे फेरे गाडीच जुळवून द्यायला लागली. हील-अँड-टो, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळून फेरे जुळवण्याचं कसब, जे दादांनी कदाचित तुमच्याकडून घोटून घेतलं असेल, ते त्या क्षणी फुकट गेलं. बटणाने ती यंत्रणा बंद करता येत होती, म्हणून माफ. बीएमडब्ल्यूच्या २०११ च्या एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडलेला होता. गाडी अफाट वेगवान, पण कानाला फसवायचं कशासाठी? पोर्शेने २०१३ ची ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर आणली. घड्याळ लावलं तर तीच जास्त वेगवान, तरीही चाहते इतके खट्टू झाले की २०१७ मध्ये हाताचा गिअर परत आला. मधल्या काळात, २०१६ साली, पोर्शेने ९११ आर काढली होती. गिअर फक्त हातानेच, एसी आणि स्टिरिओ काढलेले. मात्र हवे असतील तर जास्तीचे पैसे न घेता बसवून देऊ, असंही कंपनीने सांगितलं होतं. या भांडणातली खरी बाजू कुठली ते इथे दिसतं. हाताचा गिअर गेला तेव्हा लोकांना काहीतरी हिरावल्यासारखं वाटलं. एसी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडता आला. तुमच्या दोन्ही गाड्यांत गिअर हातानेच आहेत, म्हणजे यातलं महत्त्वाचं ते तुम्ही आधीच नीट निवडलंय.

माझा संशय असलाच तर त्या मोठ्या स्क्रीनवर आहे. तुम्ही तो पत्रात दोन शब्दांत उरकलात, पण किल्लीपेक्षा तो तुम्हाला जास्त छळेल. वळणावर नजर रस्त्यावरून न हटवता पंख्याचा वेग कमी करता येतो का? काचेवर वाफ धरली तर ती घालवायचं बटण बोटाला सापडतं का, की तीन पडदे उलटावे लागतात? युरो एनकॅप ही गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्थाही आता यावर बोलू लागली आहे. २०२६ पासून तिथे पूर्ण पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांसारख्या गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणं किंवा दांडे हवेत. अलीकडची गाडी बघताना निम्मा वेळ स्क्रीनवर घालवा, आणि गाडी उभी असताना नको, चालू असताना. पडद्याला हात दादांनी लावावा, तुम्ही फक्त किती वेळ लागतो ते बघा.

किल्ली फिरवण्यातली मजा मी नाकारत नाही हं. पोर्शे इग्निशन स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला देत आली आहे. फ्रान्समधल्या ले मान्सच्या शर्यतीत चालक पळत येऊन गाडीत उडी मारायचे, तेव्हा डाव्या हाताने इंजिन सुरू करताना उजवा गिअरवर ठेवता यावा, असं त्यामागचं कारण सांगतात. तशी पळत सुरुवात १९६९ नंतर बंद झाली, पण कळ डावीकडेच राहिली. पुढे खरी किल्ली गेली तरी फिरवायची कळ होती, आणि २०२४ च्या सुधारित ९११ मध्ये तिच्या जागी बटण आलं. हळहळणाऱ्यांत मीही आहे. पण ही हळहळ सवयीची आहे. गाडी वळणात कशी वागते याच्याशी तिचा संबंध नाही.

आता चोरी. तुमची भीती खरी आहे, आणि यंत्रणा कशी चालते ते कळलं की उपायही कळतो. दाराच्या हँडलला हात लागला की गाडी कमी फ्रिक्वेन्सीचा एक क्षीण संदेश सोडते, तो फार तर दोन-चार हात पोचतो. तो ऐकला की तुमची किल्ली उत्तर देते आणि दार उघडतं. किल्ली जवळ आहे म्हणूनच तिने ऐकलं, असं गाडी गृहीत धरते. चोर दोघे येतात. एक गाडीपाशी, दुसरा घराच्या दारापाशी, दोघांकडे संदेश इकडून तिकडे पोचवणारी यंत्रं. गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे, किल्लीला वाटतं गाडी शेजारीच आहे. सांकेतिक भाषा फोडावी लागतच नाही, म्हणून ती कितीही अवघड असली तरी उपयोग नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून पाहिलं आणि दहाही उघडली.

पुढच्या काही गाड्यांत कंपन्यांनी दोन सुधारणा केल्या. एक, किल्ली काही वेळ हलली नाही की झोपी जाते आणि उत्तर देत नाही. दोन, अल्ट्रा-वाइडबँड : संदेशाला जायला-यायला किती वेळ लागला ते मोजून किल्ली खरोखर किती लांब आहे ते गाडी ठरवते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे मधल्या यंत्रांनी अंतर लपवता येत नाही. तुमच्या पसंतीच्या गाडीत यातलं काय आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. दोन्ही नसेल तर बऱ्याच गाड्यांत आपोआप उघडण्याची सोय सेटिंगमधून बंद करता येते. मग रिमोटचं बटण दाबून दार उघडायचं, इंजिन तरीही बटणावरच. मी तरी हेच करेन. घरात किल्ली सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवा, जादाची किल्लीसुद्धा (ती नेमकी विसरली जाते). पाकीट आणलं की पहिल्यांदा किल्ली त्यात घालून गाडीपाशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट परत करा. चोरांकडे गाडीच्या वायरिंगमधून शिरण्याचेही मार्ग असतात, तेव्हा स्टिअरिंगला लावायचं जाडजूड लोखंडी कुलूप हास्यास्पद दिसलं तरी लावावं.

बॅटरीचं म्हणणंही अर्धं खरं. कीलेस गाडी उभी असतानाही अर्धवट जागी असते, किल्ली जवळपास लटकत असेल तर जास्तच. रोजच्या गाडीला हे जाणवत नाही, कारण ती रोज चालते. स्पोर्ट्‌स कार आठवडेच्या आठवडे उभी राहते, घोडं तिथे अडतं. काही गाड्या बरेच दिवस हलल्या नाहीत की ही यंत्रणा स्वतःहून बंद करतात. तरी लांब मुक्कामाला गाडी उभी करणार असाल तर बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, जोडून ठेवा, किल्ली गाडीपासून दूर ठेवा. जुनी गाडीही उभ्या उभ्या बॅटरी उतरवते बरं का, फक्त तिचं दार तरी किल्लीने उघडतं.

आणि हा शेवटचा मुद्दा मला चोरीइतकाच महत्त्वाचा वाटतो. सोय चालू असताना कशी वागते ते विक्रेता दाखवतोच. ती मेल्यावर कशी वागते ते तुम्ही बघा. रिमोटच्या पोटात एक छोटी धातूची किल्ली असते. ती काढून दाखवायला सांगा आणि तिने दार तुम्ही स्वतः उघडून बघा, तिचं भोक कुठे लपवलंय ते शोधण्यापासून. तिला जोर किती लागतो हेही तुमच्या मनगटाला तेव्हाच कळेल. बॅटरी पुढच्या डिकीत असेल आणि ती डिकी विजेवर उघडत असेल तर बॅटरी मेल्यावर बॅटरीपर्यंत पोचायचं कसं? काही पोर्शे गाड्यांत याची वाट फ्यूजच्या खोक्यातून जाते, आणि हे मालकांना नेमकं नको त्या दिवशी कळतं. आतून बाहेर पडण्याचंही तसंच. २००५ पासूनच्या कॉर्व्हेटची दारं आतूनबाहेरून विजेच्या बटणांवर उघडायची, आणि वीज गेली तर हाताने ओढायची कळ सीटशेजारी जमिनीलगत होती. तुमच्या गाडीत अशी कळ असेल तर पहिल्याच दिवशी डोळे मिटून ती ओढण्याचा सराव करा. शेजारी बसणाऱ्यालाही दाखवा.

दोन किरकोळ सूचना. किल्ली पर्समध्ये आणि इंजिन चालू, अशा अवस्थेत उतरून जाता येतं. गाडी टुंई टुंई करते पण सहसा बंद होत नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन असं चालू राहून कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आहेत. बटण दाबून पडदा काळा झाला, आवाज थांबला, मगच दार लावायचं. आणि ट्रॅकवर गेलात तर पर्स दादांकडे देऊन गाडी बाहेर काढू नका. चालू राहील ती, पण इंजिन एकदा बंद पडलं की ट्रॅकच्या कडेला तुम्ही आणि पिटमध्ये तुमची किल्ली.

माझं मत विचाराल तर अलीकडची घ्या. अट एकच : स्टिअरिंग हाताला काही सांगत असावं. विजेवरचं पॉवर स्टिअरिंग काही गाड्यांत अगदी मुकं असतं आणि काहींत छान जमलेलं. हे वाचून कळत नाही, खराब रस्त्यावर कमी वेगात चालवून कळतं. ते मुकं निघालं तर ही गाडी सोडा आणि तिसरी शोधा. मनगट पणाला लावून जुनी घेऊ नका.

दादांशी वाद घालू नका, त्यांना गाडी चालवायला द्या. बटण तुम्ही दाबून द्या, किल्ली तुमच्याच पर्समध्ये असू द्या आणि शेजारी बसा. परत आल्यावर ब्रेक, क्लच, स्टिअरिंग यांविषयी ते जे म्हणतील ते वहीत लिहून घ्या. किल्लीविषयी म्हणतील ते नाही लिहिलं तरी चालेल.